भाग ३७ : जुन्या गाडीचा गंज आणि आपला खिसा

गेल्या दोन महिन्यांत तुमचे जेवढे व्हॉइस मेसेज आले, त्यात सगळ्यात जास्त एकाच गोष्टीबद्दल होते. गंज. 'दादा, बाबांची गाडी आहे, इंजिन एकदम मस्त, पण खालून पत्रा गेलाय, गॅरेजवाला चाळीस हजार सांगतोय, काय करू?' रक्कम कमीजास्त होते, पण प्रश्न तोच. म्हणून आजचा पूर्ण भाग त्यावर. आधीच सांगतो, मी मिस्त्री नाही. आमची स्वतःची गाडी वाचवताना जे शिकलो, मिस्त्रीच्या बाजूला बसून जे बघितलं, ते सांगतोय.

गाडी म्हणजे आमची २००९ची मारुती ८००. पांढरी. घर देवगडकडे, समुद्रापासून फार लांब नाही. गाडी उभी राहते आंब्याच्या झाडाखाली. आता कोकणात गाडी ठेवणं म्हणजे काय ते ज्यांच्याकडे आहे त्यांना माहीत आहे. वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस, आणि उरलेले महिने खारा वारा. लोखंडाला गंजायला पाणी आणि हवेतला ऑक्सिजन एवढंच लागतं, पण त्या पाण्यात मीठ असलं की काम कितीतरी पटापट होतं. मीठ विरघळलेल्या पाण्यातून वीज सहज वाहते, आणि गंजणं ही मुळात एक छोटीशी विजेचीच क्रिया आहे. बॅटरीत चालते तशी. त्यामुळे सोलापूरची वीस वर्षांची गाडी आणि देवगडची दहा वर्षांची गाडी शेजारी उभी केली तर पत्र्याच्या बाबतीत सोलापूरकर तरुण दिसणार.

आमच्या गाडीची नोंदणी २०२४मध्ये पंधरा वर्षांची झाली. खाजगी गाडीला पंधरा वर्षांनी आरटीओत नेऊन फिटनेस तपासून पुन्हा नोंदणी करावी लागते, पुढे दर पाच वर्षांनी. एप्रिल २०२२पासून गाडीसाठी ही फी पाच हजार झाली, शिवाय आपल्याकडे पर्यावरण कर वेगळा. म्हणजे हे पैसे भरायचे का, की गाडी भंगारात द्यायची, हे घरी ठरवायचं होतं. बाबा निवृत्त. नवीन गाडीचा हप्ता परवडणारा नव्हता. आणि गाडी हौसेची नव्हती, आईला दर पंधरा दिवसांनी कणकवलीला दवाखान्यात न्यावं लागतं, त्यासाठीची होती. एसटी आहे, पण आईच्या गुडघ्यांना एसटीची पायरी आता जमत नाही.

पहिल्या गॅरेजात सांगितलं, अडतीस हजार. 'पूर्ण गाडी चकाचक करून देतो, शोरूमसारखी.' मी विचारलं, चकाचक म्हणजे नक्की काय करणार? तर म्हणे डेंटिंग, पुट्टी, पेंटिंग. कुजलेला पत्रा कापणार का? त्यावर गप्प. इथेच पहिली गोष्ट लक्षात ठेवा. गॅरेजवाला 'पेंटिंग' बोलत असेल आणि तुम्ही 'गंज' बोलत असाल, तर तुम्ही दोघं दोन वेगळ्या कामांबद्दल बोलताय. गंजावर पुट्टी लावून रंग मारला की गाडी गणपतीपर्यंत छान दिसते, आणि पुढच्या पावसाळ्यानंतर तिथेच फुगा येतो. पुट्टी स्वतः पाणी शोषते. खाली गंज शिल्लक असेल तर ती त्याला ओल पुरवत राहते. म्हणजे पैसे देऊन तुम्ही गंजाला आत कोंडून खायला घातलं.

आम्हाला मग एक वयस्कर पत्र्याचे मिस्त्री भेटले. छोटी शेड, एक वेल्डिंग मशीन, बाकी काही नाही. त्यांना अडतीस हजारांचं सांगितलं तर हसले आणि म्हणाले, 'पुट्टी म्हणजे पावडर रे बाबा. हाडां मोडली तर पावडर लावून काय होतला?'

त्यांनी आधी काय केलं माहितीये? रंगाकडे बघितलंच नाही. गाडीतली मॅटं उचलली. खालचं कार्पेट उचललं, ते ओलं होतं. मग स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीनं पत्र्यावर टकटक करत गेले. चांगला पत्रा टणटण वाजतो, कुजलेला भदभद. मागच्या सीटच्या पायाशी एका ठिकाणी मूठ आरपार गेली. तळहात मावेल एवढं भोक. आणि बरोबर त्याच्या खालून सायलेन्सरचा पाइप जातो. तो पाइपही जोडावर फुटलेला.

आई कधीपासून म्हणत होती की गाडीत मागे बसलं की डोकं दुखतं, मळमळतं. आम्हाला सगळ्यांना वाटायचं घाटाची वळणं. मिस्त्रींनी भोक बघितलं आणि पहिला प्रश्न विचारला, मागे कोण बसतं? इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याला वास नाही, रंग नाही. काचा बंद आणि एसी चालू असताना तो आत साठला तर डोकेदुखी, मळमळ, गुंगी, आणि जास्त झाला तर माणूस जातो. मला त्या दिवशी रंगाबिंगाचं काही पडलं नाही. त्यामुळे हे ऐकताय त्यांच्यापैकी कुणाच्या गाडीचा तळ कुजला असेल आणि आत धुराचा वास येत असेल किंवा मागे बसणाऱ्याचं डोकं दुखत असेल, तर आधी ती गाडी चालवणं थांबवा, काचा उघड्या ठेवून जवळच्या मिस्त्रीकडे न्या. बाकीचा भाग नंतर ऐका.

बरं, आता तुमच्या गाडीत कुठे बघायचं? दारांचा खालचा काठ. दाराखालची आडवी पट्टी, जिला गॅरेजात कुणी सिल म्हणतं, कुणी रनिंग बोर्ड. चाकांच्या वरच्या कमानी, तिथे आतल्या कडेला चिखल बसून राहतो. स्टेपनीचा खड्डा, स्टेपनी उचलून बघा, बऱ्याच जणांना तिथे छोटं तळं सापडतं. बॅटरीखालचा ट्रे. पुढच्या काचेच्या रबराखालची कड. आणि जुन्या मारुतीला छपराच्या बाजूला पाण्याची पन्हळ असते, तिची घडी. जुनी गाडी विकत घेताना फ्रिजवरचं चपटं लोहचुंबक खिशात ठेवा. पत्र्याला ते चटकन चिकटतं. जिथे चिकटत नाही किंवा सैल लागतं, तिथे पुट्टीचा थर आहे. बंपर प्लास्टिकचा असतो, तिथे चिकटलं नाही म्हणून भांडू नका.

आता खर्चाचा हिशेब कसा करायचा? सगळा गंज एकसारखा नसतो. एक म्हणजे वरवरचा, रंग उडून तांबूस डाग पडलाय, पण नखानं किंवा स्क्रू-ड्रायव्हरनं दाबलं तर पत्रा टणक. हा घरी होतो. दुसरा म्हणजे रंगाखाली फुगा आलाय. फुगा दिसतो हरभऱ्याएवढा, पण खरवडलं की खाली लिंबाएवढा गंज निघतो, आणि बरेचदा तो आतून बाहेर आलेला असतो. खरवडून पत्रा शिल्लक निघाला तर घरी जमतं. नाही निघाला तर तो तिसरा प्रकार, आरपार भोक. त्याला वेल्डिंग.

पहिल्या प्रकारासाठी मी आणि चुलतभावानं डाव्या बाजूचं मागचं काम आणि छपराची पन्हळ घरी केली. सामान लागलं ते असं : तारेचा ब्रश, वॉटर पेपर ८०, १२०, २२०, ४०० आणि ८०० नंबरचे, एक बाटली रस्ट कन्व्हर्टर, छोटा डबा इपॉक्सी प्रायमर, थोडी टू-के पुट्टी, मास्किंग टेप, थिनर आणि रंग. सगळं मिळून मला साधारण साडेचौदाशे पडले. तुमच्या गावी शंभर-दोनशे इकडेतिकडे होतील.

८० नंबरनं घासायचं आणि लखलखीत पत्रा दिसेपर्यंत थांबायचं नाही. डागाच्या बाहेर चांगल्या रंगातसुद्धा इंचभर जायचं, कारण गंज रंगाखाली सरकलेला असतो. चष्मा आणि मास्क लावा, ती धूळ फुफ्फुसाला चांगली नाही. इतकं घासूनही पत्र्यात सुईच्या टोकाएवढे काळे खड्डे राहतात. त्यांच्यासाठी रस्ट कन्व्हर्टर. त्यात बहुतेक वेळा फॉस्फोरिक किंवा टॅनिक आम्ल असतं, ते उरलेल्या गंजाशी मिळून काळपट टणक थर बनवतं. ब्रशनं पातळ लावायचं, बाटलीवर लिहिलाय तेवढा वेळ थांबायचं. पण हे खड्ड्यात उरलेल्या गंजासाठी आहे. पापुद्रे सुटलेल्या जाड गंजावर ओतून जादू होत नाही.

मग थिनरच्या फडक्यानं पुसायचं आणि त्यानंतर बोट लावायचं नाही. हाताच्या घामात मीठ असतं. आणि उघडा पत्रा रात्रभर ठेवायचा नाही. आमच्याकडे दमट हवेत सकाळी घासलेल्या पत्र्यावर संध्याकाळपर्यंत पिवळी झाक येते. त्याच दिवशी प्रायमर. इथे लोक हार्डवेअरच्या दुकानातून रेड ऑक्साइड आणतात, स्वस्त असतो म्हणून. ग्रिलला, गेटला ठीक आहे. गाडीला इपॉक्सी प्रायमर घ्या, कारण साधा प्रायमर सच्छिद्र असतो, त्यातून ओल खाली जाते. इपॉक्सी पाणी अडवतो. शंभर-दोनशे रुपयांचा फरक आहे, आणि सगळ्या कामात माझ्या मते एवढाच एक पैसा वाचवू नये असा आहे.

पुट्टी इपॉक्सीवर लावायची, उघड्या पत्र्यावर नाही. आणि पातळ. खड्डा दोन-तीन मिलिमीटरपेक्षा खोल असेल तर पत्रा ठोकून बाहेर काढायचा, पुट्टीनं डोंगर उभारायचा नाही. पुट्टी कोरडीच घासा. पाणी मारून घासली तर ती पाणी पिते आणि वर रंग मारला की ते पाणी आत अडकतं. पुन्हा प्रायमर, मग रंग.

रंगासाठी मोबाइलवरचा फोटो घेऊन दुकानात जाऊ नका. बॉनेटखालच्या पाटीवर रंगाचा कोड असतो, आणि त्याहून चांगलं म्हणजे पेट्रोलच्या झाकणाचं छोटं दार काढून घेऊन जा. पंधरा वर्षांत उन्हानं रंग बदललेला असतो, कोडचा नवा रंग त्यावर वेगळा उठून दिसतो. मिक्सिंगवाला झाकण बघून जुळवून देतो. पांढरा, लाल असा साधा रंग असेल तर सोपं. मेटॅलिक सिल्व्हर असेल तर घरी अगदी जुळेल अशी आशा ठेवू नका, त्यावर क्लिअर कोटही लागतो. दाराखालच्या काठाला थोडा फरक राहिला तर कुणी वाकून बघत नाही, आणि बघितलं तर बघू दे.

घरगुती उपायांबद्दल खूप विचारता. व्हिनेगर, कोला, चिंच. तांब्याचा बंब चिंचेनं चकचकीत होतो म्हणून गाडीही होईल असं नाही. सुटे नट-बोल्ट, टोपाना, बिजागऱ्या व्हिनेगरमध्ये रात्रभर बुडवा, गंज खरंच सुटतो. नंतर खायच्या सोड्याच्या पाण्यात धुवा, पूर्ण वाळवा आणि तेल लावा. पण गाडीच्या अंगावर आम्ल ओतलं की ते पत्र्याच्या घड्यांत शिरतं, तिथून धुवून निघत नाही आणि आतून खात राहतं. कोलात फॉस्फोरिक आम्ल असतं हे खरं, पण इतकं थोडं की त्यापेक्षा साखरेमुळे मुंग्याच जास्त येतील.

आता वेल्डिंग. मिस्त्रींशी बोलताना मला तीन गोष्टी महत्त्वाच्या वाटल्या. पहिली, कुजलेला पत्रा टणक पत्रा लागेपर्यंत कापून काढणार का? वरून नवा तुकडा डकवून चालत नाही, कुजक्या पत्र्याला वेल्डिंग धरत नाही आणि दोन पत्र्यांच्या मध्ये पाणी साचतं. दुसरी, गॅसनं करणार की सीओटू मशीननं? गॅसच्या ज्योतीनं आजूबाजूचा पत्रा जास्त तापतो, वाकतो आणि आतला रंग दूरपर्यंत जळतो. सीओटूत उष्णता एका जागी राहते. थोडं इथे, थोडं तिथे असे टाके घालत गेलं की पत्रा वाकत नाही. तिसरी, मागच्या बाजूला काय लावणार? वेल्डिंगनं आतल्या बाजूचा रंग जळतोच. तिथे प्रायमर, जोडावर सीलर आणि पोकळीत मेण किंवा तेलाचा थर दिला नाही तर नवा पत्राही जुन्याच्या वाटेनं जातो.

आमच्या गाडीला २० गेजचा पत्रा वापरला, जवळजवळ एक मिलिमीटरचा. काम सुरू करण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढली, सीट आणि कार्पेट बाहेर काढलं, पेट्रोलचे पाइप कुठून जातात ते बघितलं, आणि बाजूला पाण्याची बादली. हे मिस्त्रींनी न सांगता केलं, म्हणून मला माणूस पटला. सीएनजीची गाडी असेल तर वेल्डिंगआधी टाकीचं काय करणार हे स्पष्ट विचारा, आणि उत्तर 'काही होत नाय' असं आलं तर गाडी घेऊन परत या.

तळाचे दोन तुकडे आणि डावी सिल, सगळ्याचे मिळून साडेसहा हजार. सीलर, प्रायमर आणि खालचं कोटिंग अठराशे. आमचे घरचे साडेचौदाशे. एकूण नऊ हजार सातशे पन्नास. सायलेन्सरच्या पाइपचे वेगळे आठशे. अडतीस हजारांत जे झालं नसतं ते यात झालं. गाडी मात्र चकाचक नाही. डावं दार जवळून बघितलं तर दोन पांढरे दिसतात. आईची डोकेदुखी त्या महिन्यापासून बंद आहे.

वेल्डिंग टाळायचं असेल तर फायबरची जाळी आणि रेझिन मिळतं. दाराच्या काठाला, स्टेपनीच्या खड्ड्याला ते चालतं. पण जिथे गाडीचा भार आहे तिथे नाही. सिल, शॉकअॅब्सॉर्बर बसतो ती जागा, सस्पेन्शनचे हात जिथे जोडलेत ती जागा, सीटबेल्टचा आणि सीटचा बोल्ट जिथे पत्र्यात जातो ती जागा. तिथे फायबर, रिव्हेट, एम-सील, असलं काही नको. धडक बसली तर बेल्ट पत्र्यासकट हातात येईल. आणि अशा तीन-चार जागा एकदम कुजल्या असतील, तर मिस्त्री कितीही कमी पैसे सांगू दे, ती गाडी सोडून द्या. आमच्या मिस्त्रींनी आमच्यासमोरच एका ओम्नीवाल्याला परत पाठवलं, हातचं काम सोडून.

दार किंवा बॉनेट पूर्णच गेलं असेल तर दुरुस्तीपेक्षा जुनं दार स्वस्त पडतं. बऱ्याच गाड्यांचा पुढचा फेंडर बोल्टवर असतो, तो तर दुपारभरात बदलता येतो. मुंबईत कुर्ल्याला सीएसटी रोडवर जुन्या पार्ट्सची दुकानं आहेत. मी मात्र सांगेन की सोलापूर, सांगली, घाटावरच्या कोरड्या भागातली गाडी शोधा, तिचा पत्रा चांगला निघतो. बिल घ्या. बिल देत नाही म्हणणाऱ्याकडचं दार कुणाच्या गाडीचं आहे ते देवाला माहीत. आणि पूर्ण गाडीचा रंगच बदलणार असाल तर आरसी बुकात तशी नोंद करावी लागते, हे विसरू नका. विम्याचं म्हणाल तर गंज ही झीज धरली जाते, तिचा क्लेम मिळत नाही.

पावसाआधी गाडीला खालून जळकं ऑइल मारायची पद्धत आपल्याकडे जुनी आहे. ट्रकवाले, जीपवाले अजून करतात. गंजाला थोडा आळा बसतो, खोटं नाही. पण ते रबराचे बुश फुगवतं, ब्रेकवर उडालं तर ब्रेक लागत नाही, आणि पहिल्या पावसात वाहून विहिरीकडे जातं. त्यापेक्षा काळं अंडरबॉडी कोटिंग करा, पण फक्त स्वच्छ, कोरड्या, प्रायमर मारलेल्या पत्र्यावर. गंजावर मारलं तर पुट्टीचीच गोष्ट परत. वेळ म्हणाल तर दिवाळीनंतर ते मे महिन्यापर्यंत कधीही. जुलैत कुणी करून देतो म्हणाला तर नको म्हणा.

आणि फुकटातलं एक. दाराच्या खालच्या काठाला छोटी भोकं असतात, काचेवरून आत गेलेलं पाणी तिथून बाहेर पडतं. ती मातीनं बुजतात आणि दार आतून बादलीसारखं भरतं. खराट्याचा एक हीर घ्या आणि भोकं मोकळी करा. मी केलं तेव्हा उजव्या दारातून तांब्याभर पाणी निघालं, आणि पाऊस थांबून चार दिवस झाले होते. वायपरच्या खाली, बॉनेटच्या मागच्या कडेला पानं साचतात, तीही काढा. आम्ही गाडी आंब्याखालून हलवली, बाबा थोडे नाराज झाले, सावली गेली म्हणून. प्लास्टिकचं कव्हर काढून टाकलं, आत वाफ धरते. गाडी गोड्या पाण्यानं खालूनही धुतो. किनाऱ्याजवळची बोअर मचूळ असेल तर त्या पाण्यानं धुणं म्हणजे मीठच चोळणं आहे.

दोन पावसाळे झालेत. तळ कोरडा आहे, वेल्डिंगचे जोड ठीक आहेत. डाव्या मागच्या दाराच्या कोपऱ्यात, आम्ही घरी केलेल्या कामात, मुगाएवढा एक फुगा परत आलाय. या दिवाळीनंतर तो खरवडणार. ८० नंबरचा पेपर आणि इपॉक्सीचा उरलेला डबा शेडमध्ये आहे, हार्डनर मात्र नवा आणावा लागेल, तो एकदा उघडला की टिकत नाही.

तुमच्या गाडीचे फोटो पाठवा, पण मॅट उचलून काढलेले पाठवा. पुढच्या भागात बाइकची पेट्रोल टाकी आतून गंजली तर काय करायचं ते बघू, त्यावर बरेच प्रश्न पडून आहेत. भेटू.